‘द वॉर्डन’ : सुधारणेचा खटला आणि सदसद्विवेकाचा निवाडा

अँथनी ट्रॉलप यांची ‘द वॉर्डन’ (१८५५) ही बार्सेटशायर मालिकेतील पहिली कादंबरी. धर्मादाय निधीच्या विनियोगाविषयी त्या काळी इंग्लंडमध्ये वाद चालू होते. विंचेस्टर येथील सेंट क्रॉस संस्थेचे प्रकरण विशेष गाजले होते. साहजिकच या कृतीकडे सुधारणावादी कादंबरी म्हणून पाहिले जाते आणि लगोलग ती पुरेशी सुधारणावादी नाही, असा आक्षेपही घेतला जातो. निधीचा गैरवापर आणि वृत्तपत्रांची निर्दयता या दोहोंवर एकाच वेळी प्रहार करणे ही आपली चूक होती, असे खुद्द ट्रॉलप यांनी १८८३ च्या आत्मचरित्रात म्हटले आहे. लेखकाचे हे मत समीक्षकांनी जरा अधिकच श्रद्धेने स्वीकारले आहे.

जॉन हायरम याने १४३४ मध्ये मृत्युपत्राद्वारे बारा निराधार वृद्धांची सोय केली. पुढे त्या जमिनींचे उत्पन्न वाढत गेले. वृद्धांना रोज १ शिलिंग ४ पेन्स आणि वॉर्डन सेप्टिमस हार्डिंग यांना वर्षाला ८०० पौंड, असे वाटप झाले. हार्डिंग स्वतःच्या खिशातून प्रत्येकी २ पेन्स जादा देतात. त्यांचा भलेपणा खरा आहे. मात्र तो विषमतेवरच उभा आहे.

या वादात प्रत्येकाजवळ एक बाजू आहे. जॉन बोल्ड याच्याजवळ तत्त्व, आर्चडीकन ग्रँटली यांच्याजवळ चर्चचा अधिकार, तर ‘ज्युपिटर’ या वृत्तपत्राजवळ अग्रलेख. सर अब्राहम हॅपहॅझर्ड यांच्या मते प्रतिवादीच चुकीचा निवडला गेला आहे. म्हणजे खटला तांत्रिक मुद्द्यावरच निकामी ठरतो. ‘हे पैसे न्यायाने माझे आहेत काय?’ हा प्रश्न मात्र एकटे हार्डिंगच विचारतात. जावयाला चुकवून ते लंडनला जातात, वेस्टमिन्स्टर ॲबीत दिवस काढतात आणि रात्री दहा वाजता कायदेपंडितासमोर उभे राहतात. खटला मागे घेतला गेल्याचे तेथे त्यांना कळते. तरीही ते पद सोडतात. बोलता बोलता त्यांचे हात नकळत हवेतल्या चेलोवर फिरू लागतात, हा तपशील पानभर युक्तिवादापेक्षा अधिक सांगून जातो.

कादंबरीचे वैगुण्य अन्यत्र आहे. बंस वगळता बहुतेक वृद्ध लोभी आणि भोळसट रंगविले आहेत. ज्यांच्या नावाने वाद चालतो त्यांना स्वतंत्र विचार दिलेला नाही. पुढे बिशप नवा वॉर्डन नेमत नाहीत, सहा वृद्ध मरण पावतात, बाग उजाड होते. हा सुधारणेचाच दुष्परिणाम, असा अर्थ काढणे सोपे आहे. परंतु पद रिकामे ठेवण्याचा निर्णय बोल्डचा नव्हे, धर्मसत्तेचा आहे, ही गोष्ट अशा वाचनात निसटते. पद सोडून हार्डिंग स्वतःपुरते मोकळे होतात. अतिरिक्त उत्पन्नावर हक्क कोणाचा, हा प्रश्न अनुत्तरितच राहतो.

त्याचे उत्तर ‘बार्चेस्टर टॉवर्स’ (१८५७) मध्ये काही ओळींत उरकले आहे. संसदेच्या कायद्याने वॉर्डनचे वेतन ४५० पौंड ठरते आणि बारा वृद्ध स्त्रियांचीही सोय होते. म्हणजे व्यवस्थात्मक तोडगा शक्य होता आणि ट्रॉलप यांना तो सुचलाही होता. पण त्यांच्या प्रतिभेला त्यात रस नव्हता. त्यांचे लक्ष लगेच त्या पदावर कोणाची वर्णी लागणार याकडे वळते आणि बिशपच्या वाड्यातील रस्सीखेचीनंतर ते पद चौदा मुलांचे वडील असलेल्या क्विव्हरफुल यांच्या पदरात पडते.