धोटा दिसत नाही

जयंत पवार यांचे 'अधांतर' हे नाटक 1997 साली रंगभूमीवर आले. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावातल्या माणसांच्या आठवणी गोळा करून सिद्ध केलेले 'वन हंड्रेड इयर्स, वन हंड्रेड व्हॉइसेस' हे पुस्तक 2004 सालचे. ही दोन्ही आम्ही नुकतीच पाठोपाठ वाचली. विज्ञानाच्या मासिकात नाटकाचे परीक्षण कशासाठी, असे काही वाचक विचारतील. परळ-लालबागचा विषय निघाला की तंत्रज्ञान आणि समाज यांना वेगळे काढता येत नाही, एवढेच उत्तर तूर्त पुरे.

18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेला गिरणीसंप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले होते. 'अधांतर' हे त्यानंतरच्या पडझडीचे नाटक. चाळीतली एक खोली, आई आणि तिची मुले. एकाला लेखक व्हायचे आहे, एक क्रिकेटमध्ये बुडालेला आहे, एक टोळीच्या वाटेने निघाला आहे. नाटककाराने कोणालाही खलनायक केले नाही, ही या नाटकाची खरी ताकद. घरात पैसा येईनासा झाला की माणसे एकमेकांशी कशी बोलू लागतात, हे इतक्या नेमकेपणाने मराठीत क्वचितच आले असेल.

तरीही आमची एक तक्रार आहे. सारे घडते ते गिरणीमुळे, आणि गिरणी मात्र दिसत नाही. नाटककारावर तसे बंधन नाही, हे मान्य. पण आजच्या दहावीच्या विद्यार्थ्याला लोअर परळची फिनिक्स मिल मॉल म्हणूनच ठाऊक आहे. हे नाटक वाचून त्याला बेकारी कळेल. जे काम गेले ते काय होते, हे कळणार नाही.

ते काम असे होते. साचाखात्यात प्रत्येक साच्यावर धोटा मिनिटाला दोनशेच्या आसपास फेऱ्या मारी. शेकडो साचे एका छपराखाली असत आणि आवाज शंभर डेसिबलच्या घरात जाई. कोरड्या हवेत सूत तुटते म्हणून हवा मुद्दाम दमट ठेवलेली असे. आमच्या चाळीतले एक निवृत्त विणकर घरातही ओरडूनच बोलत. आम्ही मुले त्यांना रागीट समजत असू. ध्वनीचा धडा शिकल्यावरही त्यांचा आवाज आणि तो धडा यांची सांगड घालायला आम्हांला बरीच वर्षे लागली.

आता धोट्याकडे पाहू. आतली कांडी संपली की नवी घालायची आणि सुताचे टोक धोट्याच्या बारीक छिद्रातून बाहेर काढायचे. जुन्या धोट्यात हे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे. एकच धोटा अनेकांच्या तोंडी लागणार, म्हणून सवर्ण विणकरांनी अस्पृश्य कामगारांना साचाखात्यात येऊ दिले नाही. विणकाम हे चांगल्या पगाराचे काम होते, आणि ते या एका छिद्रापाशी अडले. 1928 च्या मोठ्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न उपस्थित केला. तो संपही यंत्रावरूनच पेटला होता. एका विणकराने दोनऐवजी तीन साचे सांभाळावेत, असा मालकांचा आग्रह होता. दरम्यान, तोंड न लावता सूत ओवता येणारा धोटा जगात उपलब्ध झाला होता, आणि अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने 1911 सालीच तोंडाने ओढण्यावर बंदी घातली होती. तिथली चिंता रोगजंतूंची होती. इथली चिंता विटाळाची. वर्गात जंतुसंसर्ग शिकवताना याहून बोलके उदाहरण आम्हांला तरी ठाऊक नाही.

मेनन-आडारकरांच्या पुस्तकात कामगार, कार्यकर्ते, स्त्रिया, कलावंत स्वतः बोलतात. एकच घटना दोघे वेगळी सांगतात आणि संपादिका त्यांच्यात न्यायाधीश होऊन बसत नाहीत. हे आम्हांला फार आवडले. राजनारायण चंदावरकर यांची दीर्घ प्रस्तावनाही घाईने ओलांडू नये. मात्र पुस्तकाचा भर चळवळीवर आणि वस्तीवर आहे. यंत्राची बाजू वाचकाने बरीचशी स्वतः भरायची. ती भरायची तर चंदावरकरांचाच 1900 ते 1940 या काळातील मुंबईच्या कामगारवर्गावरचा ग्रंथ (1994) हाताशी ठेवावा. तो जड आहे, शिक्षकांनी आधी वाचावा.

मामा वरेरकरांनी गिरणी कामगारांवरच्या आपल्या कादंबरीला 'धावता धोटा' असे नाव दिले होते. निदान मुखपृष्ठावर तरी तो आला! पुढे जयंत पवारांच्या 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर' या कथासंग्रहाला 2012 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ते 2021 साली गेले. गिरणगावाचे मरण पाहिलेला लेखक आपल्याला मिळाला. साचाखात्याच्या आत नेणारा अजून हवा आहे.

विद्यार्थ्यांकडून वाचून घ्यायचे तर 'अधांतर' आधी घ्यावे, दोन तासिकांत प्रवेश वाटून. मग आठवणींतली चार-पाच निवेदने. आणि मिळालाच कुठे जुना लाकडी धोटा, तर तो वर्गात हातोहात फिरवावा आणि ते छिद्र दाखवावे.