क्रुसावरची अक्षरे

दिवाळीच्या पहाटे अभ्यंगस्नान आटोपून, नवे कपडे अंगावर चढवून आपण देवदर्शनाला निघतो, तेव्हा या वस्त्रांचा आणि देवाचा संबंध काय, असा प्रश्न कोणाच्या मनात येत नाही. आपल्या देवळात आपला वेष शोभतोच. परंतु उपासनेचे स्थान परक्यांनी उभारलेले असेल, आणि तिथल्या वडीलधाऱ्यांना आपली भाषा, आपले अन्न, आपली राहणी ही अपुऱ्या श्रद्धेची खूण वाटत असेल, तर? पंडिता रमाबाईंच्या पत्रांना जी धार आहे, ती या प्रश्नामुळे. हा इंग्रजी पत्रव्यवहार अ. भि. शहा यांनी संपादित केला आणि महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने तो १९७७ साली प्रसिद्ध केला. समाजसेविका म्हणून रमाबाई घरोघर ठाऊक आहेत. त्यांची पत्रे मात्र वाङ्मय म्हणून क्वचितच वाचली जातात.

पुण्यात १८८२ साली आर्य महिला समाज स्थापन करून रमाबाई पुढल्याच वर्षी इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील ज्या भगिनीसंघाने त्यांना आश्रय दिला, त्याच संघाच्या भगिनी पुण्यात पंचहौदाच्या मिशनमध्ये काम करीत. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी मुलगी मनोरमा हिच्यासह बाप्तिस्मा घेतला. धर्म बदलला, पण साडी सुटली नाही, शाकाहार सुटला नाही. मग कुरबूर सुरू झाली. अंड्याला स्पर्श न करणे हा सिस्टर जेराल्डीन यांना जातीचा अभिमान वाटला. अंगावर धारण करावयाच्या क्रुसावर लॅटिन शब्द असावेत, हे त्यांना स्वाभाविक वाटले. रमाबाईंना ते संस्कृत हवे होते.

वाद दिसायला क्षुल्लक, पण रमाबाईंची उत्तरे क्षुल्लक नाहीत. त्या विचारतात : लॅटिनमध्ये संस्कृताहून अधिक पवित्र असे काय आहे? की ब्राह्मणांना संस्कृताविषयी जे वाटते, तेच तुम्हांला लॅटिनविषयी वाटते? एखादी इंग्रज बाई हिंदुस्थानात येऊन आपलेच अन्न खात राहिली, तर तिला कोणी जात्याभिमानी म्हणेल काय? त्या आरडाओरडा करीत नाहीत, शिव्याशाप देत नाहीत. समोरच्यापुढे आरसा धरतात आणि थांबतात.

परंतु या लेखनाचे खरे मोल पुढच्या पायरीत आहे. संस्कृत ही देवांची भाषा आहे म्हणून मला ती हवी, असे रमाबाई म्हणत नाहीत. ती माझ्या देशाची जुनी, सुंदर भाषा आहे, एवढेच त्यांचे म्हणणे. इथे सामान्य वादपटूचा पाय घसरला असता : तुमचे अपवित्र, आमचे पवित्र, असे म्हणून तो मोकळा झाला असता. रमाबाई मागतात ती बरोबरी, वरचढपणा नव्हे. म्हणूनच त्यांचा विरोध कडक असूनही त्यात विष नाही. ज्या जेराल्डीनबाईंना त्या असे खडसावतात, त्यांनाच त्या पत्रात 'आजीबाई' म्हणतात. आणि ही सारी पत्रे जपून, जमवून ठेवली तीही याच आजीबाईंनी. आपल्याला निरुत्तर करणारा कागद जपून ठेवावासा वाटावा, याहून लेखणीचा मोठा विजय कोणता?

तरीही एक उणीव सांगितलीच पाहिजे. 'पूर्वजांचे आचार' म्हणून रमाबाई ज्यांचा कैवार घेतात, ते मुख्यतः ब्राह्मण घरातले आचार आहेत. सारा हिंदुस्थान काही शाकाहारी नव्हता. जेराल्डीनबाईंच्या आरोपात तेवढा सत्यांश होता. आणि वेष अस्सल देशी असला म्हणजे देवळाचे दार उघडते, असेही नाही : १९२९ साली पुण्यात पर्वतीच्या पायथ्याशी सत्याग्रही उभे राहिले, तेव्हा अस्पृश्यांना अडवणारे इथलेच होते. त्यांच्यावर दगड आले, आणि तेही सत्याग्रहींनी शांतपणे सोसले. वाँटेजच्या वादात रमाबाईंना निदान घरात घेऊन मग हिणवले गेले होते. पर्वतीवर तर उंबरठाच नाकारला गेला.

स्वतः रमाबाईंच्या हाती सत्ता आली, तेव्हा मात्र त्यांनी आपला शब्द पाळला. १८८९ साली मुंबईत निघालेले शारदा सदन १८९० मध्ये पुण्यात आले. तेथे मुलींना आपापले आचार पाळण्याची मुभा होती. बाईंच्या प्रार्थनेला काही मुली येऊन बसतात, म्हणून पुण्यात गहजब झाला आणि 'केसरी'ने टीकेची झोड उठवली. मुलींना बोलावणार नाही, पण दारही लावून घेणार नाही, ही रमाबाईंची भूमिका होती. वाँटेजला जे मागितले, ते पुण्यात त्यांनी दुसऱ्यांना दिले. पुढे रेव्हरंड ना. वा. टिळकांनी मराठी ख्रिस्ती उपासनेत भजन-कीर्तन आणले, तेव्हा देशी वळणाने देवापुढे उभे राहण्याचा हा हट्ट किती खोल मुळांचा होता, ते अधिकच स्पष्ट झाले.

अपमान सोसून गप्प राहणे म्हणजे शांतता, असा आपला समज असतो. ही पत्रे वाचणाऱ्याला तो समज टिकवता येणार नाही. रमाबाई गप्प बसल्या नाहीत. साडी, शाकाहार आणि क्रुसावरची अक्षरे यांच्यासाठी त्या पानेच्या पाने भांडल्या. फक्त भांडताना त्यांनी नाते तोडले नाही, आणि आपले ते श्रेष्ठ म्हटले नाही. मराठी घरांत ही पत्रे अधिक वाचली जावीत ती एवढ्यासाठी.