भरवसा आणि सोवळे : ‘स्मृतिचित्रे’तील श्रद्धेचे स्वरूप

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील सोनई ह्या गावाच्या ईशान्येस नेवासे आहे. तेथे शके १२१२ मध्ये ‘ज्ञानेश्वरी’ सिद्ध झाली. पश्चिमेस राहुरी आहे. तेथे १९०० साली लक्ष्मीबाई टिळकांचा बाप्तिस्मा झाला. सोनईपासून जवळच असलेल्या वडाळ्यास एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे होते व रेव्हरंड सॅम्युएल फेअरबँक ह्यांनी तेथे दीर्घकाळ काम केले. हा सगळा टापू अवर्षणाचा. मुळा धरणाच्या कालव्यांनी त्याची कोरड आज पुष्कळ कमी झाली असली, तरी ‘पावसाचा काही भरवसा नाही’ हे वाक्य येथील बोलण्यातून गेलेले नाही. मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील ईश्वरनिष्ठेचा विचार ह्या साध्या वाक्यापासून सुरू करणे सोयीचे आहे.

‘भरवसा’ हा शब्द नित्याच्या मराठीत बहुधा षष्ठीसह व नकारासह येतो. पावसाचा भरवसा नाही, माणसाचा भरवसा नाही, उद्याचा भरवसा नाही. अशा रचनेत भरवसा हा त्या वस्तूचा गुण असतो आणि तो तिच्या ठायी नसतो, एवढेच सांगितलेले असते. ‘देवावर भरवसा ठेवणे’ ही रचना निराळी आहे. येथे षष्ठीच्या जागी ‘वर’ येते, ‘असणे’ जाऊन ‘ठेवणे’ येते, आणि जे वस्तूच्या अंगी होते ते कर्त्याचे कृत्य होते. बायबलच्या मराठी भाषांतरकारांपुढे हीच अडचण होती. त्यांनी ‘विश्वास’ हा शब्द सिद्धान्तासाठी प्रमुख मानला; पण जुन्या करारात जेथे संकटातील माणूस बोलतो तेथे ‘भरवसा’ आणि ‘भाव ठेवणे’ हे प्रयोग आल्यावाचून राहिले नाहीत. ‘भाव’ ह्या शब्दास बाजाराचाही अर्थ आहे, ही गोष्ट भाषांतरकारांना ठाऊक नव्हती असे नाही. तथापि संतांनी तो शब्द इतका घासून पुसून ठेवला होता की बाजाराचा वास त्यास लागत नाही. गोव्याच्या कॅथलिक कोंकणीत तर श्रद्धेला ‘भावार्थ’ हाच शब्द आजही रूढ आहे.

शब्द मिळाला म्हणजे अनुभव मिळतो असे मात्र नाही. ‘विश्वास ठेवला’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या पूर्ण आहे, आणि त्यामुळेच ते पुष्कळदा पोकळ राहते. मराठी ख्रिस्ती धर्मांतरकथांचा मोठा भाग ह्या पूर्ण वाक्यावर येऊन थांबतो. ‘स्मृतिचित्रे’ (१९३४ ते १९३६) त्यास अपवाद आहे, आणि तो अपवाद कशामुळे झाला ह्याचा विचार समीक्षेने पुरेसा केलेला नाही. एका पक्षाने ह्या ग्रंथातील विनोद आणि संसारचित्रे उचलली व धर्म हा तपशील मानला. दुसऱ्या पक्षाने त्यास साक्षीचा ग्रंथ ठरवून विनोद सोसून घेतला. दोघांच्याही वाचनातून ग्रंथाचा आरंभ निसटला आहे.

हा आरंभ भयाचा आहे. लक्ष्मीबाईंच्या आईचे वडील वासुदेव भगवंत जोगळेकर ह्यांना १८५७ च्या उठावातील संशयावरून फाशी झाली, आणि ह्या आघातानंतर लक्ष्मीबाईंच्या वडिलांचे सोवळे वेडाच्या थरास गेले. हे सारे लक्ष्मीबाई हसत सांगतात, म्हणून वाचकही हसतो. परंतु रचनेच्या दृष्टीने पाहता येथेच ग्रंथाचा मूळ प्रश्न मांडला गेला आहे. बाहेरचे जग केव्हा काय करील ह्याचा नेम नाही असे ज्यास एकदा कळले, त्याने वस्तू धुण्यास आरंभ केला. सोवळे हा त्या घरातील अनिश्चिततेवरचा उपाय होता. म्हणून ‘स्मृतिचित्रे’त विश्वासाच्या विरुद्ध बाजूस शंका उभी नाही, सोवळे उभे आहे.

त्या घरातून लक्ष्मीबाई अकराव्या वर्षी ज्या घरात आल्या तेथे कशाचाच भरवसा नव्हता. नारायण वामन टिळक न सांगता निघून जात, हाती आलेले देऊन टाकीत, क्षणात रागावत व क्षणात विरघळत. पुढे १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नंतरची पाच वर्षे लक्ष्मीबाईंच्या चरित्रातील सर्वांत कठीण होत. लहान मुलासह नातलगांच्या आश्रयाने त्या राहिल्या. पुढे नगरला गेल्या तेव्हाही स्वयंपाकपाणी वेगळेच ठेवले. त्यांच्या धर्मांतरास केवळ पातिव्रत्य मानणाऱ्या टीकाकारांनी हा तपशील लक्षात घेतलेला दिसत नाही. नवऱ्याच्या मागे जाणे एवढाच हेतू असता तर १८९५ साल पुरेसे होते.

मधल्या काळात जे घडले त्याचा क्रम महत्त्वाचा आहे. जातिभेद माणसाने केला आहे हे लक्ष्मीबाईंना उमगले, कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा निश्चय झाला, बाप्तिस्मा त्यानंतरचा. धर्मशास्त्राच्या शिक्षकास हा क्रम उलटा वाटेल. त्याच्या मते प्रथम ईश्वरावर विश्वास, मग त्याचे फळ म्हणून बंधुभाव. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत विश्वासाची पहिली कृती अन्नपाण्यासंबंधी आहे. ज्या मुलीच्या घरी प्रत्येक वस्तू धुतली जात होती, तिने परक्या हातावर प्रथम भरवसा ठेवला, आणि देवावरचा भरवसा त्या वाटेने आला. ग्रंथातील ही जागा थोडक्यात आटोपली आहे, तेथे दृष्टान्त नाही, वादविवाद नाही, अशी तक्रार करता येईल. पण भीती जाते तेव्हा ती बहुधा गाजावाजा न करताच जाते. लहान, बोलीच्या वळणाची वाक्ये लिहिणाऱ्या ह्या लेखिकेने तेथे आवाज चढविला असता तर तो खोटा वाटला असता.

टिळकांच्या ‘अभंगांजली’शी तुलना केली असता हा फरक अधिक स्पष्ट होतो. टिळक तुकारामाच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आल्याचे सांगत, आणि अभंगाने त्यांना शरणागतीचे तयार व्याकरण दिले. द्वितीय पुरुषातील संबोधन, देवाला माउली म्हणणे, शेवटच्या चरणातील नाममुद्रा, ह्या सर्वांमुळे कवी बोलू लागताच अर्धा सुरक्षित होतो. त्याच्या आधी शेकडो जण ह्याच शब्दांत रडून गेलेले असतात. टिळकांची आर्तता खरी आहे ह्यात संशय नाही. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचे वेतन सोडले, साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापिला व १९१९ मध्ये त्यांचा अंत झाला. हा माणूस केवळ शब्दांत शरण गेला नव्हता. पण त्या वेतनत्यागानंतर घर कसे चालले हा प्रश्न अभंगात येऊ शकत नाही. तो गद्यातच येतो, आणि गद्य लक्ष्मीबाईंचे आहे. टिळकांच्या मागे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ पुढे नेण्याचे कामही त्यांच्याकडेच आले. त्या ओवीत मात्र त्यांचे गद्यातील धैर्य क्वचितच उतरते. कथा आधीच ठरलेली असल्यामुळे तेथे उद्याची चिंता नाही.

येथवर ‘स्मृतिचित्रे’ची बाजू झाली. परंतु ह्या एका ग्रंथावरून मराठी ख्रिस्ती श्रद्धेचे स्वरूप ठरविणे योग्य होणार नाही. वडाळा, सोनई, राहुरी ह्या भागात ख्रिस्ती झालेले बहुसंख्य लोक महार व मांग समाजांतील होते. त्यांच्यापाशी टाकून देण्यास सोवळे नव्हते. ते सोवळे त्यांच्याविरुद्ध वापरले जात होते. १८७६-७७ आणि १८९९-१९०० (छप्पन्नचा दुष्काळ) ह्या काळांत ख्रिस्ती झालेल्यांना पोटासाठी बाटल्याचा टोमणा ऐकावा लागला. भुकेच्या वेळी ज्याने भाकरी दिली त्याच्या देवावर भरवसा ठेवणे हे कमी प्रतीचे, आणि पाच वर्षांच्या मनोव्यथेनंतर ठेवणे हे उच्च प्रतीचे, हा निवाडा ज्या मोजमापाने केला जातो त्यातही सोवळ्याचाच अंश आहे. लक्ष्मीबाईंनी पाणी घेतले ही घटना मराठी वाचकास ठाऊक आहे. परंतु ब्राह्मण बाईस पाणी द्यावयाचे, उद्या ती ते धरून शिक्षा करविणार नाही असे मानावयाचे, ह्यासही भरवसा लागत होता, आणि तो भरवसा कोणीही लिहून ठेवला नाही.

निदान आत्मचरित्राच्या रूपाने लिहून ठेवला नाही. मिशनच्या वार्षिक अहवालांत ह्या माणसांचे जीवन येते ते इंग्रजीत व इतरांच्या लेखणीने. १८४२ साली अहमदनगरला निघालेल्या ‘ज्ञानोदया’च्या जुन्या अंकांत काही सापडेल. त्याहून अधिक आशा भजनांची आणि कीर्तनांची आहे. कृष्णराव रत्नाजी सांगळे ह्यांनी एकोणिसाव्या शतकात ह्या जिल्ह्यात ख्रिस्ती कीर्तनाचा पाया घातला, आणि गावोगावच्या मंडळ्यांनी ते चालविले. छापील गीतसंग्रहाबाहेर राहिलेल्या मौखिक पदांत ‘भरवसा’ हा शब्द षष्ठीसह येतो की ‘वर’ घेऊन येतो, त्याच्यापुढे ‘ठेवणे’ असते की ‘नाही’ असते, आणि दुष्काळाच्या पदांत तो मुळात येतो का, हे नेवासे आणि राहुरी तालुक्यांत प्रत्यक्ष ऐकूनच ठरविता येईल.