बारीक अक्षरांची माणसे

मी अलिबागचा. एवढे वाक्य उच्चारले की समोरचा माणूस आधी हसतो आणि मग हसल्याबद्दल दिलगिरी व्यक्त करतो. 'मी काय अलिबागहून आलोय?' हा प्रश्न महाराष्ट्रात ज्याला कोणी फसवू पाहतो तो विचारतो, आणि खरोखर अलिबागहून आलेल्या माणसाने अशा वेळी काय विचारावे ह्याची सोय भाषेने केलेली नाही. २०१९ साली आमच्याकडच्या एका गृहस्थांनी हा वाक्प्रचार बंद व्हावा म्हणून मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली होती. न्यायालयाने ती फेटाळली. विनोद काय सगळ्यांवरच होतात, मनाला लावून घेऊ नका, असा एकंदर सूर होता. तेव्हापासून मी मनाला लावून घेत नाही. परगावी मात्र 'रायगड जिल्हा' एवढेच सांगतो.

त्यातून मी बी.कॉम. आणि बँकेत कारकून. म्हणजे दुष्काळात तेरावा. कारण अलिबागकराइतक्याच निमूटपणे विनोद सोसणारी जमात जगात आणखी एकच आहे, ती म्हणजे हिशेबनिसांची. बीबीसीवर मॉन्टी पायथन म्हणून एक विनोदी मंडळ होते. त्यांनी १९६९ साली एक चार्टर्ड अकाउंटंट दाखवला. कामाला कंटाळलेल्या त्या बिचाऱ्याला सिंह माणसाळवायचे असतात, आणि सिंह केवढा असतो हेच त्याला ठाऊक नसते. आपल्याकडच्या हिंदी चित्रपटांतला मुनीम आठवा. काळी टोपी, नाकावर घसरलेला चष्मा आणि मालक मरायला टेकल्यावर त्याचा अंगठा उमटवून घेण्याची घाई. आजवर मी एकही असा चित्रपट पाहिला नाही, ज्यात मुनीमजींची तेरीज पहिल्या फटक्यात जुळली म्हणून नायिका नाचली.

आम्हां मराठी माणसांची तर कमाल आहे. फडणीस हे हिशेबाचे पद. राज्याचा जमाखर्च, दफ्तर, रोजचे टिपण त्याच्या ताब्यात. ह्या पदावरचा सर्वांत नामांकित माणूस म्हणजे नाना. त्यांना तेंडुलकरांनी १९७२ साली 'घाशीराम कोतवाल'मध्ये रंगमंचावर आणले, मोहन आगाशांनी ते नाना गाजवले आणि नाटक परदेशातही जाऊन आले. नाना त्यात नाचतात, डोळा घालतात, कारस्थान करतात. एक कीर्द तेवढी लिहीत नाहीत! नाटककाराला हिशेब दाखवायचाच नव्हता, हे मला कळते. पण नाटक पाहून परत येताना एक बी.कॉम. माणूस म्हणून मला वाटले, निदान एखादी दप्तराची गाठोडी तरी नेपथ्यात ठेवायला काय हरकत होती?

आमचा जिल्हा तर ह्या बाबतीत अगदीच कृतघ्न. १६७४ साली रायगडावर राज्याभिषेक झाला तेव्हा अष्टप्रधानांत जमाखर्चाचे काम अमात्यांकडे होते. आमच्या शाळेत दरवर्षी तो प्रसंग बसवत. सेनापती व्हायला मारामारी. चौथीत मला अमात्य केले. मला एकही वाक्य नव्हते. 'तू वही घेऊन नुसता उभा राहा आणि हलू नकोस,' एवढे दिग्दर्शन गुरुजींनी केले होते. पुढे बँकेत लागल्यावर कळले, की ते दिग्दर्शन जन्माला पुरणारे होते. श्रीवर्धनचे बाळाजी विश्वनाथ पूर्वी चिपळूणकडे मिठागरावर कारकून होते असे सांगतात. पण गावाला आठवतात ते १७१३ नंतरचे पेशवे. कारकुनी सुटली तेव्हा कुठे इतिहास सुरू झाला.

असो. लोक आपल्याविषयी काय बोलतात ह्याला इलाज नसतो. पण आपण लोकांशी काय बोलतो?

ह्या मंडळींच्या बाजूने एक गोष्ट कबूल केली पाहिजे. स्वतःविषयी बोलायचे नाही, हा त्यांचा कायदाच होता. १९४९ सालच्या ज्या कायद्याने त्यांची संस्था जन्माला घातली, त्याच कायद्याच्या परिशिष्टात जाहिरात करून अशिले गोळा करणे हे गैरवर्तन ठरवले. २००८ साली थोडी मोकळीक मिळाली. आपल्या कामाची माहिती छापायला हरकत नाही, पण अक्षरांचा आकार चौदा पॉइंटांपेक्षा मोठा नको, असा नियम आला. माझे ह्या धंद्याविषयी जे काही म्हणणे आहे ते सगळे ह्या चौदा पॉइंटांत मावते. ज्यांची अक्षरे कायद्याने बारीक, त्यांचा आवाज मोठा कुठून असणार?

पण आवाज तर आता भरपूर आहे! एक जुलै हा त्यांच्या संस्थेचा वर्धापनदिन. शाखेचा प्रतिनिधी म्हणून एका वर्षी मला त्या दिवशी जवळच्या एका गावी पाठवण्यात आले. सकाळी एकसारखे टी-शर्ट घालून सगळे धावले. नंतर रक्तदान, त्यानंतर वृक्षारोपण. जुलैत कोकणात वृक्षारोपण करायला फारसे कर्तृत्व लागत नाही, काठी रोवली तरी पालवते. पण फोटो उत्तम येतात. दुपारी वस्तू व सेवा कराच्या ताज्या बदलांवर दोन तास व्याख्यान झाले. वक्ते विद्वान होते. श्रोत्यांपैकी निम्म्यांना तो विषय आधीच पाठ होता आणि उरलेल्या निम्म्यांना जेवण. धावणे वाईट असे मी म्हणत नाही. पण धावायला हिशेबनीस कशाला हवा? डॉक्टर आरोग्य शिबिर भरवतात, वकील फुकट सल्ला देतात. ह्या लोकांना जे जगात दुसऱ्या कोणालाही येत नाही ते, म्हणजे ताळेबंद वाचणे, तेवढे सोडून त्यांनी त्या दिवशी सर्व काही केले.

थोरल्या पातळीवरही तेच. नोव्हेंबर २०२२ मध्ये मुंबईत जगभरच्या हिशेबनिसांची महासभा भरली. पहिली १९०४ साली अमेरिकेत, सेंट लुइसला झाली होती. भारतात यायला तिला ११८ वर्षे लागली. देशोदेशीचे हजारो प्रतिनिधी जमले. मांडव्याहून लाँचने तासाभरात मुंबई. पण धक्क्यावर एका माणसाला त्याची वार्ता असेल तर शपथ! खुद्द मलाही कळले ते एका अशिलाच्या तक्रारीवरून. त्याचे सीए चार दिवस फोन उचलत नव्हते.

सबंध जगाने ह्या धंद्याकडे एकदम मान वळवून पाहिले तो दिवस माझ्या आठवणीत एकच. २६ फेब्रुवारी २०१७. ऑस्करची मते मोजण्याचे काम एक बडी हिशेब-कंपनी ऐंशीहून अधिक वर्षे करीत होती. कोणाला तिचे नाव माहीत नव्हते. त्या रात्री त्यांच्या भागीदाराने रंगमंचावर चुकीचा लिफाफा दिला, 'मूनलाइट'ऐवजी 'ला ला लँड'चे नाव पुकारले गेले, आभाराची भाषणे सुरू झाली आणि मग सगळे परत घ्यावे लागले. हे गृहस्थ काही मिनिटे आधी नटीचा फोटो काढून आपल्या ट्विटरवर टाकत होते म्हणे. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा एका हिशेबनिसाला प्रसिद्धीचा मोह झाला आणि त्याने जगाचा मेळ चुकवला. मला त्याची फार दया आली. आमच्या शाखेत अशी चूक झाली असती तर सस्पेन्स खात्याला टाकून रात्री नऊपर्यंत निस्तरली असती.

इथवर हसण्यासारखे आहे. पुढचे तितकेसे नाही.

सप्टेंबर २०१० मध्ये पेण अर्बन बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले. बोगस कर्जखाती निघाली आणि जवळजवळ दोन लाख ठेवीदार अडकले. गणपतीच्या कारखान्यांत काम करणारी माणसे, भाजीवाल्या, पेन्शनर. त्या आठवड्यात आमच्या काउंटरवर प्रत्येक माणूस पासबुक पुढे करण्याआधी एकदा माझ्या तोंडाकडे बघायचा. मी पाणी प्यायला उठलो तरी लोक घाबरत. ह्या संस्थेच्या बोधचिन्हावर गरुड आहे, आणि सगळे झोपलेले असताना जो जागा असतो तो, अशा अर्थाचे कठोपनिषदातले ब्रीद. २००९ च्या जानेवारीत सत्यम कोसळले तेव्हाही हे ब्रीद होतेच. कॉलेजात आम्हांला ऑडिट शिकवताना १८९६ सालचा एक इंग्रजी निकाल पाठ करायला लावीत. ऑडिटर हा पहाऱ्याचा कुत्रा आहे, माग काढणारा शिकारी कुत्रा नव्हे. पाच मार्क हमखास. पहाऱ्याच्या कुत्र्याने भुंकावे तरी, असे मला तेव्हा सुचले नाही. सुचले असते तर मार्क गेले असते.

ते सुचवले एका कोळीणकाकींनी. आमच्या खातेदार. कोलंबी विकून आलेले पैसे ओले असतात म्हणून त्या नोटा वाळवून आणतात. मागच्या वर्षी एक दिवस त्या एका पतसंस्थेचा वार्षिक अहवाल घेऊन आल्या. संस्थेचे नाव सांगत नाही. संस्था ठेव परत द्यायला आज-उद्या करीत होती.

"भाऊ, हितं नफा झाला असं लिवलंय. मंग माजे पैशे का देत नाय?"

मी अहवाल घेतला. पहिल्या पानावर अध्यक्षांचा फोटो, पासपोर्ट नव्हे, कॅलेंडर साइझ. पुढे लाभांश. शेवटून दुसऱ्या पानावर ऑडिटरांचा अहवाल. 'सोबतच्या टिपांच्या अधीन राहून' सर्व काही योग्य. मग टिपा. टीप नववी, डोळ्यांना ताण देणाऱ्या अक्षरांत: येणे कर्जापैकी काहींच्या वसुलीबाबत शंका आहे, त्यासाठी पुरेशी तरतूद केलेली नाही. म्हणजे नफा कागदावरचा होता. आणि हे त्या ऑडिटरांनी पाहिले होते, लिहिलेही होते. खाली सही, शिक्का, तारीख. कायद्याने त्यांचे काम चोख झाले होते.

मी काकींना समजावून सांगितले. त्या ऐकत राहिल्या. मग त्यांनी त्या नवव्या टिपेवर बोट ठेवले. खवले काढून काढून खरखरीत झालेले बोट.

"त्याला ठावं होतं?"

"होतं, काकी. म्हणून तर लिहिलंय."

"लिवलंय!" काकी म्हणाल्या. "मासळीबाजारात सडकी मच्छी आली तर मी वरडते. गावाला आयकू जाईल असं वरडते. हा लिवतो?"

मला उत्तर आले नाही. माझ्या मागे रांग वाढत होती. काकींनी अहवालाची नीट घडी केली, पिशवीत ठेवली, आणि जाता जाता भिंतीकडे पाहिले. तिथे आमच्याच बँकेचा ताळेबंद चौकटीत लावलेला आहे. नियमच आहे तसा.

"तुमचंबी हाय का रे तसलं बारीक अक्षरातलं?"

"असेल ना," मी म्हणालो.

"काय लिवलंय?"

वीस वर्षे त्या चौकटीखाली बसतोय मी. त्या दिवशी अहवालाची एक प्रत घरी आणली आणि जेवण झाल्यावर सौ.कडे तिचा जवळचा चष्मा मागितला.