अज्ञाताची सूची

एच. पी. लव्हक्राफ्टच्या ‘द कॉल ऑफ कथुलू’मध्ये निवेदकाला कथुलू एकदाही दिसत नाही. वारलेल्या चुलत आजोबांची कागदपत्रं चाळताना त्याला आधी मातीची एक कोरीव पाटी सापडते, मग लुइझियानाच्या दलदलीतल्या पोलीस छाप्याची हकीकत आणि शेवटी एका नॉर्वेजियन खलाशाची कैफियत. राक्षस येतो तो या कैफियतीत, तोही घटकाभर. १९२८ साली ‘विअर्ड टेल्स’ मासिकात आलेल्या या कथेची भीती कागद जुळवण्यात आहे. ते जुळत जातात तसं निवेदकाला उमगतं की या विश्वाच्या खिजगणतीतही माणूस नाही.

अशा वीसेक कथा एका पुस्तकात बांधल्या, की पंचाईत होते. मुखपृष्ठावरच ऑक्टोपसचे बाहू वळवळत असतात. चौथ्या कथेत किनाऱ्यावरचं ओसाड गाव आणि बटबटीत डोळ्यांची माणसं दिसली, की वाचक मनात म्हणतो, ‘आली मासळी!’ कॉस्मिक हॉररची, म्हणजे अशा कथांची, बहुतेक संकलनं इथेच गळपटतात. कथा वाईट नसतात. शेजार वाईट असतो.

याचं खापर ऑगस्ट डर्लेथवर फोडायचा रिवाज आहे. ते निम्मंच खरं. १९३९ मध्ये डोनाल्ड वँड्रेबरोबर ‘अर्कहॅम हाऊस’ ही प्रकाशनसंस्था काढून त्याने लव्हक्राफ्टला पुस्तकात आणलं नसतं, तर त्या कथा स्वस्त मासिकांच्या रद्दीत गेल्या असत्या. पण त्याने लव्हक्राफ्टच्या कथांतल्या देवांच्या वाटण्या केल्या. कथुलूकडे पाणी, हास्तुरकडे वारा, आणि वर सुष्ट-दुष्टांचं भांडण. त्याचं १९६९ चं ‘टेल्स ऑफ द कथुलू मिथॉस’ हे संकलन पुढच्या संपादकांना नमुना ठरलं. १९८१ मध्ये ‘कॉल ऑफ कथुलू’ हा खेळ आला आणि राक्षसांची ताकद आकड्यांत मांडली गेली.

हास्तुरचीच गंमत पाहा. ॲम्ब्रोज बिअर्सकडे तो मेंढपाळांचा देव होता. रॉबर्ट चेंबर्सने नुसतं नाव उचललं, लव्हक्राफ्टने जाता जाता उल्लेख केला, डर्लेथने त्याला कथुलूचा सावत्र भाऊ केलं. स्टीफन किंगच्या ‘ग्रॅमा’ या कथेत ते नाव मंत्रासारखं येतं. नारायण धारपांची ‘आजी’ ही मराठी कथा तिच्याशी नातं सांगते, आणि त्या वाटेने २०१८ च्या ‘तुंबाड’ चित्रपटात सोन्याला हपापलेला हस्तर अवतरतो. त्याला कथुलूची भावकी ठाऊक नाही, म्हणूनच तो अंगावर येतो.

मग राक्षसाचं नाव घेतलं की भीती मेलीच का? एलेन डॅटलोच्या ‘लव्हक्राफ्ट्स मॉन्स्टर्स’ (२०१४) या संकलनाच्या शेवटी तर राक्षसांची चक्क सूची आहे. तरी त्यातली ब्रायन हॉजची ‘द सेम डीप वॉटर्स ॲज यू’ वाचून मी हादरलो. प्राण्यांच्या मनातलं ओळखते म्हणून टीव्हीवर गाजलेल्या एका बाईला सरकार बेटावरच्या तुरुंगात नेतं. तिथले कैदी म्हणजे लव्हक्राफ्टच्याच एका कथेतल्या इन्समथ गावातून १९२८ च्या धाडीत उचललेले मासळीवजा लोक, आणि अजून जिवंत. राक्षस कोठडीत आहे, डोळ्यांसमोर आहे, तो काय आहे हेही सांगून टाकलंय. त्याला हवंय काय, एवढंच उलगडत नाही. हॉजने अंधाराचा आडोसा घेतलाच नाही. बाकीच्या संकलनांत हे धाडस फारसं दिसत नाही.

दुसरा अपवाद सिल्व्हिया मोरेनो-गार्सिया आणि पॉला स्टाइल्स यांच्या ‘शी वॉक्स इन शॅडोज’चा (२०१५). यात साऱ्या लेखिका. लव्हक्राफ्टचा वंशद्वेष उघड होता, त्यामुळे वर्ल्ड फँटसी पुरस्काराचं चिन्ह असलेला त्याचा अर्धपुतळा बंद झाला; पुढल्याच वर्षी, २०१६ मध्ये, तो पुरस्कार या संकलनाला मिळाला. अँजेला स्लॅटरची कथा त्यात लॅव्हिनिया व्हेटलीला मध्यभागी आणते. ‘द डनविच हॉरर’मधल्या जुळ्या राक्षसांची ही आई. मूळ कथेत ती एका रात्री नाहीशी होते, आणि पोरांच्या पराक्रमात गुंतलेला लव्हक्राफ्ट पुन्हा तिची विचारपूसही करत नाही.