मेस्खेनेतची वीट आणि सटवाईचा पाटा : प्रसूतिदेवतांच्या तुलनेविषयी

प्राचीन इजिप्त व महाराष्ट्र यांतील मातृदेवतांची तुलना मराठी संशोधनाला नवी नाही. डॉ. ह. धी. सांकलिया यांनी १९६० मधील निबंधात पश्चिम आशिया, भारत व आग्नेय आशिया येथील नग्नदेवतांचा एकत्रित विचार केला आणि भारतीय उत्तानपाद मूर्तींचे नाते ग्रीक-रोमन काळातील इजिप्तच्या ‘बाउबो’ मूर्तींशी जोडले. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी ‘लज्जागौरी’ (१९७८) या ग्रंथात तोच मूर्तिप्रकार रेणुका, भूमी व वारूळ यांच्या देशी संदर्भात उलगडला. दोन्ही विवेचने मोलाची आहेत. परंतु दोन्हींचा आरंभ मूर्तीपासून होतो. त्यामुळे सुफलनाची देवता आणि सूतिकागृहाची देवता यांतील अंतर पुसट होते. एकीकडे अपत्य मागावयाचे असते, तर दुसरीकडे झालेले अपत्य जगवावयाचे असते.

इजिप्तमध्ये हे दुसरे कार्य अनेक देवतांत वाटलेले दिसते. पाणघोड्याचे शरीर व सिंहाचे पंजे असलेली गर्भिणी तावेरेत आणि ठेंगणा बेस ही घरगुती रक्षक दैवते होत. वेस्टकार पपायरसमधील कथेत रेद्जेदेत हिच्या प्रसूतीसाठी आयसिस, नेफ्थिस, हेकेत व मेस्खेनेत येतात. जन्मलेल्या तिन्ही बालकांचे राजपद मेस्खेनेत घोषित करते. ही मेस्खेनेत मूळची वीटच. प्रसूतीच्या वेळी स्त्रिया विटांवर पाय रोवून बसत आणि देवतेचे चित्रणही मानवी मस्तक असलेल्या विटेच्या रूपात आढळते. २००१ मध्ये अबायडोस येथे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या उत्खननात अशी एक चित्रित वीट सापडली. ती मंदिरात नव्हे, निवासी वास्तूत मिळाली, हे विशेष.

या विटेच्या जोडीला उत्तानपाद मूर्तीपेक्षा पाटा-वरवंटा अधिक शोभतो. बारामती व इंदापूर तालुक्यांतील अनेक घरांतून बाळंतिणीची पाचवी अद्याप पुजली जाते. पाटा-वरवंटा मांडून दिवा लावतात व जवळ कोरा कागद आणि लेखणी ठेवतात, कारण त्या रात्री सटवाई बाळाच्या कपाळी त्याचे विधिलिखित लिहिते अशी श्रद्धा आहे. दा. ध. कोसंबी यांनी ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ (१९६२) मध्ये पुणे परिसरातील मातृदेवतांचा शोध घेताना याच दगडाकडे लक्ष वेधले होते. मूर्तिशास्त्राने मात्र सटवाईची फारशी दखल घेतली नाही. शेंदूर फासलेल्या दगडाला मूर्तिलक्षणे कोठून असणार?

येथे सांकलियांप्रमाणे व्यापारमार्ग शोधण्याची गरज नाही. जन्म आणि भाग्यलेखन यांची सांगड दोन समाजांनी स्वतंत्रपणे घातली असणे सहज शक्य आहे. महत्त्वाचा आहे तो भेद. मेस्खेनेत जन्मताच भाग्य सांगते, तर सटवाई पाच-सहा रात्री थांबते. हा विलंब केवळ संकेताचा मानता येत नाही. अस्वच्छ हत्याराने नाळ कापल्यास होणारा नवजात धनुर्वात बहुधा पहिल्या एक-दोन आठवड्यांत, अनेकदा सातव्या दिवसाच्या आसपास प्रकट होतो. बाळ राहणार की जाणार, हे ठरण्याच्या उंबरठ्यावरच भाग्यलेखनाची रात्र येते.

लोकदेवतांच्या गौरवपर लेखनात या रात्रीची दुसरी बाजू बहुधा निसटते. दगावलेल्या बाळाच्या आईला ‘असेच लिहिले होते’ या शब्दांनी धीर दिला. पण त्याच शब्दांनी नाळ कापणाऱ्या विळ्याची चौकशीही थांबवली. कोप झाला तर दोष पूजेतील उणिवेचा, म्हणजे पुन्हा घरातील स्त्रीचाच. रक्षणासाठी जिचे नाव घ्यावयाचे, तिच्याच नावावरून ‘सटवी’ ही शिवी रूढ व्हावी, यातही हा ताण दिसतो. काश्यपसंहितेतील षष्ठी व रेवती यांच्या ठायीही रक्षण आणि भय एकत्रच आहेत. तो स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे.

माता व नवजात धनुर्वाताचे भारतातून निर्मूलन झाल्याचे २०१५ मध्ये प्रमाणित झाले. प्रसूती रुग्णालयात गेली, वाटण मिक्सरवर गेले. तरीही पाचवीसाठी अडगळीतला पाटा धुऊन पुढे आणला जातो. नुसती भीतीच या विधीचा आधार असती, तर तो एव्हाना मागे पडला असता. बाळंतिणीभोवती स्त्रियांनी रात्रभर जागण्याला यात किती वाटा आहे, याचे उत्तर मूर्तिसंग्रहांत मिळणार नाही. ते पाचवी पुजणाऱ्या स्त्रियांनाच विचारावे लागेल.