तिसऱ्या बंदुकीचं काय झालं? : कायद्यावर संशोधन करताना प्रश्न कसा विचारावा

पेटची तयारी करणाऱ्या आणि सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या मित्रमैत्रिणींनो,

'विषय तर मिळाला, पण प्रश्न काही सापडत नाही' ही तक्रार तुमच्यापैकी बरेच जण करतात. आज एकच कायदा घेऊ आणि त्याच्यातून प्रश्न कसा काढायचा ते बघू. कायदा आहे शस्त्र (सुधारणा) अधिनियम, २०१९. कोणी म्हणेल, बंदुकांशी आपला काय संबंध? माझाही नव्हता.

मी द्रोणागिरीत राहते. उरण तालुक्यातला हा भाग आता सिडकोचा नोड आहे आणि जानेवारी २०२४ पासून इथे लोकलही येते. पण आज जिथे सेक्टरचे नंबर आहेत, तिथे पूर्वी भातखाचरं आणि मिठागरं होती. माझ्या एका मैत्रिणीचे आजोबा इथल्याच एका गावातले. त्यांच्याकडे परवान्याच्या तीन बंदुका होत्या: वडिलांची ठासणीची, काकांकडून वारसाने आलेली दुनळी आणि स्वतः घेतलेली एकनळी बाराबोअर. परवान्यावर कारण लिहिलेलं होतं, शेतीसंरक्षण. वेळेवर नूतनीकरण करायचं, निवडणूक लागली की बंदुका ठाण्यात जमा करायच्या, निकालानंतर परत आणायच्या, असं वर्षानुवर्षं चाललं. २०२० मध्ये त्यांना एक बंदूक कायमची सोडावी लागली. त्यांनी वडिलांची सोडली, कारण उपयोगाला तीच सगळ्यांत कमी.

त्यांनी मला एवढंच विचारलं, "सरकारकडे यादी आमचीच असते ना गं? म्हणून पहिले आम्हीच सापडतो?"

त्या वेळी मला उत्तर देता आलं नाही. आता वाटतं, हा प्रश्न कुठल्याही सिनॉप्सिसमध्ये जसाच्या तसा घालावा इतका नेमका आहे.

आधी कायदा नीट वाचू

१९५९ च्या शस्त्र कायद्यात १९८३ साली दुरुस्ती झाली आणि एका व्यक्तीने जास्तीत जास्त तीन बंदुका बाळगाव्यात अशी मर्यादा आली. ती छत्तीस वर्षं टिकली. मग २९ नोव्हेंबर २०१९ ला लोकसभेत नवीन विधेयक मांडलं गेलं. मूळ विधेयकात मर्यादा थेट एकवर आणली होती. चर्चेनंतर ती दोन झाली. ९ डिसेंबरला लोकसभा, १० डिसेंबरला राज्यसभा, १३ डिसेंबरला राष्ट्रपतींची मंजुरी आणि १४ डिसेंबरपासून अंमल. म्हणजे मांडणीपासून अंमलापर्यंत जेमतेम पंधरा दिवस.

आता एक सवय लावून घ्या. कलम वाचून थांबू नका, त्याखालचं परंतुक वाचा. लोकांच्या आयुष्यात कायदा बहुतेक वेळा परंतुकातूनच शिरतो. इथलं परंतुक सांगतं की ज्यांच्याकडे दोनपेक्षा जास्त बंदुका आहेत, त्यांनी कोणत्याही दोन ठेवाव्यात आणि उरलेली एका वर्षाच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी (सैन्यदलातल्यांना युनिटच्या शस्त्रागाराचीही मुभा). ते वर्ष संपल्यावर नव्वद दिवसांत ती बंदूक परवान्यावरून कमी होईल. वारशाने मिळणारी बंदूकही दोनच्या मर्यादेतच मोजायची. भरपाईबद्दल मात्र परंतुकात एक शब्द नाही.

आणि ते 'एक वर्ष' कोणतं होतं? १४ डिसेंबर २०१९ ते डिसेंबर २०२०. मार्चमध्ये टाळेबंदी लागली. कागदावर वर्षभराची मुदत होती. ज्येष्ठ नागरिकांनी घराबाहेर पडू नये असं सरकारच सांगत होतं, ते महिने वजा केले तर आजोबांच्या हातात किती उरली, हे तुम्हीच मोजा. मुदत किती दिली आणि वापरता किती आली, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संशोधनात दुसरी मोजायची असते.

हेतू एक, माप दुसरं

माझी मुख्य हरकत इथे आहे. विधेयकासोबत 'उद्देश व कारणे यांचे निवेदन' असतं. या विधेयकाच्या निवेदनात काळजी कशाची आहे? बेकायदा शस्त्रांची: त्यांचा गुन्ह्यांशी असलेला संबंध, त्यांची वाढती मारकशक्ती आणि सीमेपलीकडून होणारी तस्करी. ही काळजी खरी आहे आणि कायद्याने त्यावर उपायही केले. प्रतिबंधित शस्त्रांच्या बेकायदा निर्मिती-विक्रीची किमान शिक्षा सात वर्षांवरून दहा वर्षं झाली. लग्नात-मिरवणुकीत बेफिकिरीने बार काढून दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षं झाली, हा तर परवानाधारकांचा फायदाच.

पण तिसऱ्या बंदुकीचं कलम या काळजीत कुठे बसतं? बेकायदा शस्त्र हे व्याख्येनेच यादीबाहेरचं. यादीतल्या माणसाची तिसरी बंदूक काढून घेतल्याने यादीबाहेरची बंदूक कमी कशी होते, हा दुवा निवेदनात नाही. देशात किती लोकांकडे तिसरी बंदूक आहे आणि त्यांतल्या किती बंदुका गुन्ह्यांत वापरल्या गेल्या, हे आकडेही त्यात नाहीत. नसलेला दुवा शोधणं हेच टीकेचं काम. 'कायदा अन्यायकारक आहे' हे मत झालं. 'कायद्याने सांगितलेला हेतू आणि त्याने निवडलेलं माप यांच्यामधली पायरी गायब आहे' हे विधान झालं. विधान तपासता येतं.

आकडे आले की थांबा

तुम्ही शोधायला लागलात की दोन आकडे लगेच हाती येतील. स्मॉल आर्म्स सर्व्हेच्या २०१७ च्या अंदाजानुसार भारतात नागरिकांकडे सुमारे ७.११ कोटी बंदुका आहेत आणि त्यांतल्या सुमारे ९७ लाख नोंदलेल्या. दुसरीकडे, केंद्रीय गृह मंत्रालयाच्या आकड्यांनुसार २०१६ च्या अखेरीस देशात सुमारे ३३.६९ लाख शस्त्रपरवाने होते. त्यांतले १२.७७ लाख एकट्या उत्तर प्रदेशात, ३.६९ लाख जम्मू-काश्मीरमध्ये. महाराष्ट्रात सुमारे ८४ हजार.

हे दोन्ही आकडे एकाच परिच्छेदात टाकून पुढे जाणारे लेख मी बरेच वाचलेत. तुम्ही तसं करू नका, साधा भागाकार करा. ९७ लाखांना ३३.६९ लाखांनी भागलं की परवान्यामागे जवळजवळ २.९ बंदुका येतात. त्या वेळची व्यक्तीसाठीची कमाल मर्यादा तीन. मग देशातल्या जवळपास प्रत्येक परवानाधारकाकडे तीन-तीन बंदुका होत्या का? काही परवाने संस्थांचे असतात हे धरलं तरी पटत नाही. म्हणजे या दोन आकड्यांपैकी निदान एक तरी, आपल्याला वाटतं ते मोजत नाही. या भागाकाराला अर्धा मिनिट लागतो आणि व्हायवात तो तुम्हाला वाचवू शकतो.

'कायदा पाळणारा' कोणाला म्हणायचं?

आता आपल्याच बाजूवर टीका करू. परवानाधारक म्हणजे कायदा पाळणारा, हे समीकरण मी माझ्या पहिल्या मसुद्यात न तपासता लिहिलं होतं. गाईडनी त्याखाली लाल रेघ मारून एवढंच लिहिलं: 'कशावरून?'

रेघ बरोबर होती. जम्मू-काश्मीरचा वरचा ३.६९ लाखांचा आकडा आठवा. तिथे २०१२ ते २०१६ या काळात अपात्र लोकांना मोठ्या प्रमाणावर परवाने दिल्याच्या आरोपावरून सीबीआयने तपास केला, आणि संशयाखालचे परवाने पावणेतीन लाखांच्या घरात होते. म्हणजे यादीत नाव आहे एवढ्यावरून माणूस सरळ ठरत नाही. आजोबांसारखा माणूस आणि पैसे मोजून परवाना मिळवणारा माणूस एकाच रकान्यात बसतात. मोजून सरसकट कमी करणाऱ्या कायद्याला या दोघांतला फरक दिसत नाही. पण 'परवानाधारकांवर अन्याय' असं सरसकट लिहिणाऱ्या संशोधकालाही तो दिसत नाही. दोघांची चूक एकच.

मग आजोबांच्या प्रश्नाचं उत्तर हे: हो, सरकार यादीतल्यांपर्यंत पोचतं, कारण यादीबाहेरच्यांपर्यंत पोचणं अवघड असतं. आणि आपण संशोधकही तेच करतो. ज्यांची नोंद आहे, ज्यांना फोन करता येतो, जे प्रश्नावली भरून देतात, त्यांचाच नमुना घेतो आणि निष्कर्ष मात्र सगळ्यांबद्दल काढतो.

गोव्यातून मिळालेला दुसरा रस्ता

सरसकट नको तर काय हवं? याचं एक उत्तर आपल्या शेजारीच आहे. निवडणूक जाहीर झाली की परवान्याची शस्त्रं जमा करायला लावायची ही जुनी पद्धत. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००९ मध्ये सांगितलं की सगळ्यांना सरसकट असा हुकूम देता येणार नाही, प्रत्येक प्रकरणाची छाननी हवी. त्यानंतर निवडणूक आयोगानेही जिल्हा पातळीवरच्या छाननी समितीची सूचना दिली. जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांची पार्श्वभूमी असलेले, पूर्वी दंगलीत सामील असलेले, अशांकडे समितीने आधी बघायचं.

हे कोकणातल्या शेतकऱ्यासाठी किती महत्त्वाचं आहे बघा. २०२४ ची लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चला लागली आणि निकाल आला ४ जूनला. हा काजू-आंब्याचा हंगाम. विधानसभेची आचारसंहिता १५ ऑक्टोबरला लागली आणि निकाल २३ नोव्हेंबरला. ही भातकापणीची वेळ. रानडुकरं आणि माकडं काही आचारसंहिता पाळत नाहीत. शेतीसंरक्षणाच्या बंदुकांना यातून सूट द्या, ही सिंधुदुर्गातल्या शेतकऱ्यांची मागणी म्हणूनच पुन्हा पुन्हा येते. आणि २००९ चा निकाल असूनही मार्च २०२४ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाला तेच नव्याने सांगावं लागलं. निकाल लागला म्हणजे पद्धत बदलली असं गृहीत धरू नका. त्या पंधरा वर्षांत जिल्ह्याजिल्ह्यात काय झालं, हा स्वतंत्र पीएचडीचा विषय आहे.

मात्र एक सावधगिरी. एकेकाची छाननी म्हणजे सवलत नव्हे. आजोबांचंच उदाहरण घ्या. परवान्यावर कारण शेतीसंरक्षण, आणि शेत तर केव्हाच संपादनात गेलं. २०१९ च्या कायद्याने त्यांच्या बंदुका मोजल्या, पण 'कशासाठी ठेवल्यात?' हे विचारलं नाही. खरी छाननी झाली असती तर हाच प्रश्न पहिला आला असता, आणि कदाचित तिन्ही गेल्या असत्या. मी हे आजोबांना सांगितलं तेव्हा ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "चालेल. पण विचारून तरी गेल्या असत्या."

घाई हाच दोष आहे का?

नाही. न्यूझीलंडचा कायदा आपल्याहूनही गाजलेला. १५ मार्च २०१९ ला क्राइस्टचर्चच्या मशिदींवर हल्ला झाला, ५१ माणसं गेली, आणि १० एप्रिलला संसदेने बहुतेक सेमी-ऑटोमॅटिक बंदुकांवर बंदी घालणारा कायदा ११९ विरुद्ध १ मतांनी मंजूर केला. ही घाईच. पण तिथे हल्लेखोराकडे परवाना होता आणि त्याने बंदुका कायदेशीर मार्गाने घेतल्या होत्या. म्हणजे धोका यादीतूनच आला होता, आणि उपायही यादीवरच झाला. शिवाय वर्षअखेरपर्यंत सरकारने सुमारे ५६ हजार बंदुका पैसे मोजून परत घेतल्या. त्यावरही टीका झाली, पण हेतू आणि माप यांच्यामधली पायरी तिथे दिसते. म्हणून 'अचानक बदललेला कायदा वाईट' असं गृहीतक मांडू नका. ते पहिल्याच आंतरराष्ट्रीय उदाहरणावर कोसळेल.

तुमच्यासाठी काम

कोणताही एक अचानक बदललेला नियम निवडा. बंदुकांचाच हवा असं नाही. रिक्षा परवाना, मासेमारीची जाळी, प्लॅस्टिक, काहीही चालेल. मग चार ओळी लिहा: नियमाने सांगितलेला हेतू काय, त्याने प्रत्यक्षात मोजलं काय, मुदत वापरता किती आली, आणि भार कोणावर पडला. पाचवी ओळ स्वतःसाठी ठेवा: माझा नमुना कोणाच्या यादीतून आला आहे?

क्षेत्राची हद्दही आधी बघून घ्या. उरण रायगड जिल्ह्यात येतं, पण पोलीस नवी मुंबई आयुक्तालयाचे. इथल्या परवान्यांसाठी आयुक्तालयात जावं लागतं, तर शेजारच्या अलिबागसाठी जिल्हाधिकारी कार्यालयात. माहितीचा अर्ज चुकीच्या दारात टाकलात तर महिना तिथेच जातो. माझा गेला आहे.